गोल्डियन घेताना रंग शेवटी पाहावा

तो आवाज पहिल्यांदा कानावर आला तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते आणि मी तो भिंतीवरच्या घड्याळाचा समजले. दुसऱ्या रात्री लक्षात आले की त्या खोलीत घड्याळच नाही. टिक, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टिक, टिक, असा तो बारीक आणि कोरडा आवाज पिंजऱ्यावर टाकलेल्या सुती कापडाखालून येत होता. आठच दिवसांपूर्वी मी एका मोठ्या शहरातल्या दुकानातून गोल्डियन फिंच या लहान, रंगीत परदेशी पक्ष्याच्या दोन जोड्या आणल्या होत्या. झेब्रा फिंच आणि बेंगलीज फिंच पाळून दहा वर्षे झालेली असल्यामुळे आपल्याला पक्षी कळतात, असा माझा समज होता. सहाव्या आठवड्याअखेर त्या चार पक्ष्यांपैकी एकच मादी उरली आणि तो समजही गेला.

पक्ष्यांवर उपचार करणारे डॉक्टर पुण्यासारख्या शहरातही मोजकेच आहेत. मी त्यांच्याकडे पोहोचले तेव्हा पहिला नर जाऊन दोन दिवस झाले होते. त्यांनी खोलीतला दिवा मालवला, दुसऱ्या नराच्या मानेची पिसे ओल्या कापसाने बाजूला केली आणि मागून बारीक टॉर्चचा प्रकाश सोडला. मानेची कातडी इतकी पातळ असते की श्वासनलिका काचेच्या नळीसारखी उजळून दिसली आणि तिच्यात खसखशीहूनही बारीक असे काळे ठिपके दिसले. पाळणारे ज्याला एअर सॅक माइट म्हणतात आणि ज्याचे शास्त्रीय नाव स्टर्नोस्टोमा ट्रॅकिआकोलम असे आहे, तो हा गोचिडीच्या नात्यातला सूक्ष्म जीव. तो श्वासनलिकेत आणि वायुकोशांत राहतो आणि आईबाप पिलांना भरवतात तेव्हा त्यांच्या चोचीतून पिलांच्या घशात जातो. श्वास घेताना येणारा टिक-टिक आवाज, चोच उघडी ठेवून दम खाणे, प्रत्येक श्वासाबरोबर शेपूट खालीवर होणे, दांडीवर वारंवार चोच पुसणे आणि नराचे गाणे बंद पडणे ही त्याची लक्षणे आहेत. यांतली निदान तीन लक्षणे मी दुकानातच पाहिली होती. चोच पुसणे मला स्वच्छतेची आवड वाटली आणि न गाणारा नर नव्या जागेला बुजलेला वाटला.

या रोगावर औषध आहे. आयव्हरमेक्टिनचा थेंब मानेच्या कातडीवर लावतात, काही दिवसांनी तो पुन्हा लावतात आणि खोलीतल्या सर्व पक्ष्यांना एकाच वेळी देतात. परंतु जेमतेम पंधरा ग्रॅम वजनाच्या जिवाला थेंबाची चूकही जड जाते, म्हणून औषधाची तीव्रता आणि मात्रा डॉक्टरांनीच ठरवलेली बरी. माझ्या पक्ष्यांच्या बाबतीत औषधाला उशीर झाला होता. दुकानदाराला दूरध्वनी केला तेव्हा तो म्हणाला, “हवा बदलली की होतं असं, ताई. गोल्डियन नाजूकच असतात.” या दुसऱ्या वाक्यावर मी पुढे अनेक दिवस विचार केला, कारण ते वाक्य आपल्याकडे सगळेच म्हणतात आणि त्या वाक्याआड बराच निष्काळजीपणा खपून जातो.

हा पक्षी मुळात नाजूक आहे का, हे पाहायचे तर त्याच्या घराकडे पाहावे लागते. त्याचे घर उत्तर ऑस्ट्रेलियातल्या सवाना गवताळ रानात आहे. पश्चिमेकडे किम्बर्ली, विंडहॅम गावाच्या आसपासचा भाग आणि नॉर्दर्न टेरिटरीत कॅथरीनजवळच्या यिनबेरी टेकड्या ही त्याची ओळखीची ठिकाणे आहेत. तिथे महिनोन्महिने पाऊस नसतो, ऊन भाजून काढते आणि हे पक्षी निलगिरीच्या पोकळ ढोलीत अंडी घालून जमिनीवर पडलेल्या रानज्वारीच्या बियांवर पिले वाढवतात. दुसरे बरेचसे फिंच पिलांसाठी किडे शोधतात, हा मात्र जवळपास पूर्णपणे दाण्यांवरच राहतो. कोरड्या दिवसांत त्याला रोज पाणवठा गाठावा लागतो. हे सारे सोसणारा पक्षी नाजूक कसा म्हणावा? त्याला खरे सोसत नाही ते गारठ्याबरोबर आलेले दमट हवामान, आणि एका दिवसात बदललेला दाणा. दुर्दैवाने दुकानाच्या वाटेवर त्याला नेमक्या याच दोन गोष्टी भेटतात.

नावाविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या बाजारात ‘गोल्डियन’ या उच्चाराचा संबंध पुष्कळ जण सोन्याशी लावतात. खरे नाव गूल्ड या आडनावावरून आले आहे. जॉन गूल्ड हे इंग्रज पक्षिशास्त्रज्ञ 1838 मध्ये पत्नी एलिझाबेथ यांच्यासह ऑस्ट्रेलियात गेले. एलिझाबेथ उत्तम चित्रकार होत्या आणि गूल्ड यांच्या ग्रंथांतली कितीतरी चित्रे त्यांच्या हातची आहेत. 1841 मध्ये त्यांचे निधन झाले आणि 1844 मध्ये गूल्ड यांनी या पक्ष्याला त्यांचे नाव दिले. म्हणजे हे एका चित्रकर्तीचे स्मरण आहे, आणि हिरवी पाठ, पिवळे पोट, जांभळी छाती आणि डोक्याच्या रंगाभोवती निळसर कड असा हा पक्षी पाहिल्यावर त्या नावाचे औचित्य पटते. व्यवहारात मीही गोल्डियनच म्हणते.

खरेदीच्या दृष्टीने त्याच्या इतिहासातली महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. ऑस्ट्रेलियाने 1960 मध्ये आपल्या पक्ष्यांच्या निर्यातीवर बंदी घातली. पश्चिम ऑस्ट्रेलियात रानातले गोल्डियन परवाना घेऊन पकडणे 1981 पर्यंत चालू होते, मग तेही थांबले. आज तिथल्या राष्ट्रीय कायद्यानुसार हा पक्षी संकटग्रस्त गणला जातो आणि कोरड्या हंगामाच्या अखेरीस पेटणारे मोठे वणवे व गुरांची चराई ही त्याची मोठी कारणे मानली जातात. याचा अर्थ आपल्याकडे पिंजऱ्यात दिसणारा गोल्डियन हा अनेक पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेल्या पक्ष्यांचा वंशज असतो. त्यात नवे रक्त येण्याची वाट अरुंद आहे. म्हणूनच एकाच घरातले बहीणभाऊ ‘जोडी’ म्हणून विकणारा माणूस केवळ आळशी नसतो, तो पुढच्या तीन पिढ्यांचे नुकसान करत असतो.

पुढचे वर्षभर मी एकही पक्षी घेतला नाही, फक्त लोकांकडे जाऊन त्यांचे पक्षी पाहिले. त्या फिरण्यात सांगली जिल्ह्यातल्या एका निवृत्त शिक्षकांची गाठ पडली. त्यांना सगळे सर म्हणतात, म्हणून इथेही सरच म्हणते. मी फेब्रुवारीत त्यांच्याकडे गेले तेव्हा सोबत रिकामा पिंजरा नेला होता. त्यांनी तो पिंजरा ओट्यावरच ठेवायला लावला, मला हातपाय धुऊन यायला सांगितले आणि मग म्हणाले, “ताई, आज फक्त बघायचं. आज मी देणार नाही.”

न देण्याचे कारण त्यांनी खोलीत नेऊन दाखवले. ऑक्टोबरच्या विणीतली सोळा पिले एका लांब पिंजऱ्यात होती आणि त्यांच्यातले एकही धड राखी नव्हते की धड रंगीत नव्हते. गोल्डियनचे पिलू घरट्यातून बाहेर पडते तेव्हा ते फिकट राखाडी-हिरवट असते. साधारण दोन-अडीच महिन्यांनी त्याची पिसे बदलू लागतात आणि पूर्ण रंग यायला पाच-सहा महिने लागू शकतात. या काळात नवी पिसे तयार करण्यासाठीच शरीराची बरीच शक्ती खर्ची पडते. नेमक्या त्याच वेळी पक्ष्याला प्रवास घडला, थंडी लागली किंवा दाणा बदलला तर पिसे बदलण्याचे काम मधेच अडते, आणि असा अर्धवट रंगाचा पक्षी कधी महिनोन्महिने तसाच राहतो, कधी मरतो. दुकानात ‘ज्युव्हेनाइल, स्वस्तात’ म्हणून जे मिळते ते हेच. सर म्हणाले, “पाडव्यानंतर या. जे पुरते रंगले असतील ते बघू.” गिऱ्हाईक दारात उभे असताना माल न विकणारा माणूस मी या छंदात पहिल्यांदाच पाहत होते.

त्या दिवशी विकत घ्यायचे काहीच नसल्यामुळे मी खोलीच नीट पाहिली, आणि माझ्या मते ब्रीडरकडे, म्हणजे पक्षी निपजवणाऱ्याकडे, पहिली फेरी अशीच रिकाम्या हाताने करावी. एरवी डोळे पक्ष्यांच्या रंगावरून हलतच नाहीत. सरांची खोली पूर्वेकडून उघडी होती. तिथे काच नव्हती, फक्त जाळी होती, आणि थंडीच्या रात्रींसाठी गोणपाटाचे पडदे गुंडाळून वर बांधले होते. हीटर नव्हता. त्यांचे पक्षी डिसेंबरातली पहाट आणि एप्रिलमधली दुपार, दोन्ही त्याच खोलीत काढत होते, मात्र हा बदल त्यांनी पिढ्यानुपिढ्या हळूहळू अंगवळणी पाडला होता. जो पक्षी बारा महिने बल्बच्या उबेत वाढला तो तब्येतीने उत्तम असला तरी माझ्या पुण्यातल्या जानेवारीच्या रात्री टिकेलच असे नाही. काटक पक्षी हवा असेल तर तो आपल्या घरापेक्षा थोड्या कठीण हवेत वाढलेला असावा, निदान अधिक मऊ हवेत वाढलेला नसावा. हे एवढे साधे गणित मी आधी कधी मांडले नव्हते.

पिंजऱ्यांच्या तळाशी वर्तमानपत्र होते आणि त्यावरची विष्ठा घट्ट, काळ्या-पांढऱ्या रंगाची होती. पाण्याच्या भांड्यांना हिरवट बुळबुळीतपणा नव्हता. दाण्याच्या डब्यात राळा, वरई, कनेरी सीड आणि थोडी बाजरी वेगवेगळी ठेवलेली होती आणि समुद्रफेसाचा तुकडा प्रत्येक पिंजऱ्यात चोचीने खरवडलेला दिसत होता, म्हणजे तो शोभेसाठी लावलेला नव्हता. एका कोपऱ्यात दोन पिंजरे रिकामे होते. आजारी पक्षी वेगळा काढायला जागा रिकामी ठेवणारा माणूस आजार लपवत नसावा, असे मला वाटले. मी विचारले तेव्हा त्यांनी मागच्या पावसाळ्यात कॉक्सिडिओसिस या आतड्याच्या रोगाने चार पक्षी गेल्याचे स्वतःहून सांगितले, विष्ठा तपासायला कुठे दिली तेही सांगितले. ‘आमच्याकडे कधीच काही होत नाही’ असे म्हणणाऱ्याकडून पक्षी घेऊ नये. पक्षी सगळ्यांकडेच मरतात. ते कशाने मेले हे माहीत असलेला आणि सांगणारा माणूस आपल्याला हवा असतो.

मग त्यांनी वही दाखवली. शाळेची दोनशे पानी वही, आणि तिच्यात प्रत्येक जोडीला एक पान होते. अंडी किती, फळली किती, उडाली किती आणि पिलांच्या पायातल्या रिंगांचे क्रमांक कोणते, हे सगळे त्यात होते. गोल्डियन साधारण चार ते आठ अंडी घालतो, दोन आठवड्यांत पिले निघतात आणि तीन आठवड्यांच्या सुमारास ती घरट्याबाहेर येतात. आठवडाभराच्या पिलाच्या पायात बिनजोडाची बंद रिंग सरकवता येते, पुढे पाय वाढला की ती चढतही नाही आणि उतरतही नाही. त्यामुळे रिंगेवरचे वर्ष हा पक्ष्याच्या वयाचा बऱ्यापैकी विश्वासार्ह पुरावा ठरतो. फट असलेली, चिमट्याने दाबून बसवलेली प्लॅस्टिकची रिंग मात्र काल संध्याकाळीही घातलेली असू शकते. पूर्ण रंगलेला गोल्डियन एक वर्षाचा आहे की पाच वर्षांचा, हे नुसत्या डोळ्यांनी सांगणे फार अवघड असते, आणि म्हातारी मादी ‘प्रूव्हन ब्रीडर’ म्हणून खपवणे फार सोपे.

वहीत आणखी एक खूण होती. काही पानांवर लाल पेनाने ‘स्व’ असे अक्षर होते. स्वतः अंडी उबवून स्वतःच पिले भरवणाऱ्या जोड्यांची ती खूण. गोल्डियनविषयी एक तक्रार जुनी आहे की तो बेभरवशाचा पालक आहे, म्हणून पुष्कळ जण त्याची अंडी बेंगलीज फिंचखाली ठेवतात. बेंगलीज बिचारी कोणाचीही पिले मनापासून वाढवते आणि ब्रीडरला जोडीकडून लागोपाठ अंडी मिळतात. एखाद्या अडचणीच्या वेळी हा उपाय मीही करीन. परंतु पिढ्यानुपिढ्या असेच केले की ज्या जोड्यांना पिले वाढवताच येत नाहीत त्यांचाच वंश वाढत जातो, माद्या लागोपाठच्या अंड्यांनी झिजतात, आणि सावत्र आईच्या चोचीखाली वाढलेल्या पिलांपैकी काही मोठेपणी बेंगलीजलाच आपले समजून तिच्यामागे जातात. म्हणून ‘तुमची पिले कोण वाढवतं?’ हा प्रश्न मी आता किमतीच्या आधी विचारते. सरांच्या खोलीतही बेंगलीजच्या दोन जोड्या होत्या. त्या त्यांनी झाकून ठेवल्या नव्हत्या.

रंगांच्या बाबतीत मात्र बाजार फार चतुर झाला आहे. रानात चारांतल्या तीन पक्ष्यांचे डोके काळे असते, उरलेल्यांत बहुतेकांचे लाल, आणि पिवळसर-केशरी डोके अगदी क्वचित दिसते. पिंजऱ्यात त्यात पिवळ्या पाठीचे, निळ्या पाठीचे, चंदेरी, पांढऱ्या छातीचे, फिकट जांभळ्या छातीचे असे कितीतरी प्रकार निपजवले गेले आहेत आणि त्यांच्या किमती नेहमीच्या हिरव्या पाठीच्या, म्हणजे बाजारात ज्याला ‘नॉर्मल’ म्हणतात त्या पक्ष्याच्या कित्येक पट असतात. त्याखालोखाल ‘स्प्लिट’ पक्षी. हा दिसायला नॉर्मल, पण अंगात दुसरा रंग लपलेला. पांढरी छाती किंवा निळी पाठ यांचा गुण दोन्ही आईबापांकडून आला तरच दिसतो, एकाकडून आला तर झाकलेला राहतो. तो झाकलेला गुण डोळ्यांनी पाहून ओळखता येत नाही, म्हणून स्प्लिटसाठी दिलेले जास्तीचे पैसे हे खरे तर ब्रीडरच्या वहीसाठी दिलेले असतात. वही नसेल तर त्या शब्दाला किंमत नाही.

विक्रेता जाणकार आहे की नुसता बोलका, हे पाहण्यासाठी सरांनी मला एक प्रश्न शिकवला. डोक्याच्या लाल आणि काळ्या रंगाचा गुण लिंगाशी जोडलेला आहे. नरात त्याच्या दोन प्रती असतात, मादीत एकच. लाल गुण काळ्यावर मात करतो, त्यामुळे लाल डोक्याचा नर काळा रंग लपवून बाळगू शकतो, मादी मात्र जशी दिसते तशीच असते. तेव्हा विक्रेत्याला सहज विचारावे, ‘लाल डोक्याची मादी, काळ्याला स्प्लिट, अशी मिळेल का?’ जो ‘मिळेल की, थोडी महाग पडेल’ असे म्हणेल त्याला नमस्कार करून बाहेर पडावे. मी हा प्रश्न पुढे तीन ठिकाणी विचारला. तीनही ठिकाणी तशी मादी उपलब्ध होती.

याच संदर्भात लाल आणि काळ्या डोक्याची ‘मिक्स जोडी’ घेण्याविषयीही बोलायला हवे, कारण ती दिसते सुंदर आणि विकलीही जाते हौसेने. सारा प्राइक आणि सायमन ग्रिफिथ या संशोधकांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की वेगळ्या रंगाच्या डोक्याच्या नराशी जोडी लागलेल्या माद्यांच्या पिलांत नर बरेच अधिक निघतात, आणि अशा मिश्र जोड्यांच्या पिलांत, विशेषतः माद्यांत, मरणाचे प्रमाण जास्त असते. पिले निपजवायची नसतील तर याने काही बिघडत नाही. निपजवायची असतील तर सारख्या डोक्याची जोडी बरी, आणि पहिल्यांदाच गोल्डियन घेणाऱ्याने हिरव्या पाठीचे नॉर्मल घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. निळ्या-चंदेरी रंगांच्या मागे धावताना जवळच्या नात्यातल्या जोड्या लावण्याचा मोह ब्रीडरला अधिक होतो, आणि त्याचे मोल आपण भरतो.

पाडवा झाल्यावर मी पुन्हा सांगलीकडे गेले, या वेळी सरांच्या सांगण्यावरून दुपार टळून गेल्यावर, कारण सकाळी सगळेच पक्षी ताजेतवाने दिसतात. आम्ही आधी पंधरा मिनिटे दूर बसून राहिलो. अनोळखी माणूस जवळ गेला की आजारी पक्षीही अंग चोरून ताठ बसतो, कारण दुबळेपणा दाखवणे रानात परवडत नाही, आणि तो पुन्हा फुगून बसायला थोडा वेळ लागतो. निवडलेल्या दोघांना मग सरांनी हातात घेतले. छातीच्या मधल्या हाडावरून माझे बोट फिरवायला लावले. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर हाड जेमतेम कळते, पक्षी खंगलेला असेल तर ते सुरीच्या पात्यासारखे हाताला लागते. पोटाखालची पिसे स्वच्छ होती, डोळ्यांच्या कडा कोरड्या होत्या, डोक्यावर टक्कल नव्हते, पायांवरचे खवले गुळगुळीत होते. शेवटी नराला कानाशी धरून अर्धा मिनिट ऐकायला सांगितले. नुसता श्वास, टिक नाही. नर गातो का हे पाहण्यासाठी आम्ही आणखी थांबलो. गोल्डियनचे गाणे इतके हळू असते की तो गळा फुगवून दांडीवर उड्या मारताना दिसतो आणि आवाज मात्र ऐकू येतो न येतोसा. नर आणि मादी वेगवेगळ्या जोड्यांच्या पानांवरची होती, ती दोन्ही पाने मी मोबाइलवर टिपून घेतली.

सरांनी पक्ष्यांबरोबर त्यांच्याच डब्यातला तीन किलो दाणा बांधून दिला आणि पहिले दोन आठवडे दुसरे काही न घालण्याची ताकीद दिली. नेहमीचा दाणा नसेल तर गोल्डियन भरल्या भांड्यापाशी उपाशी बसू शकतो. दाणा बदलायचाच असेल तर जुन्यात नवा मिसळत, मूठमूठ वाढवत न्यावा लागतो. सुमारे सव्वादोनशे किलोमीटरचा परतीचा प्रवास पहाटे चारला सुरू केला, म्हणजे ऊन चढायच्या आत पुणे गाठता आले. अंधाऱ्या लहान पेटीत तळाशी दाणा आणि काकडीची एक चकती एवढीच शिदोरी होती.

घरी आल्यावर ही जोडी चाळीस दिवस वेगळ्या खोलीत राहिली, आणि तिच्या पिंजऱ्याचे काम मी रोज शेवटी करत असे. विष्ठेचा नमुना पहिल्या आणि पाचव्या आठवड्यात डॉक्टरांकडे दिला. जुन्या मादीचे औषध आधीच पूर्ण करून घेतले होते, कारण रोग नेहमी नव्या पक्ष्याबरोबरच येतो असे नाही, तो आपल्या घरातही वाट पाहत असतो. जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर दाणा हवाबंद डब्यात ठेवला आणि आठवड्याला लागेल तेवढाच बाहेर काढला. बुरशीचा किंचित वास आला तरी तो दाणा टाकून द्यावा, तो वाळवून पुन्हा वापरण्याची काटकसर महागात पडते. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांना ही काळजी माझ्यापेक्षा दुप्पट घ्यावी लागेल.

कायद्याचे थोडेसे. गोल्डियन परदेशी पक्षी आहे. आपल्या रानातली लाल मुनिया, ठिपकेवाली मुनिया किंवा हिरवी मुनिया पकडणे, विकणे आणि पाळणे हे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. अजूनही कुठे कुठे त्या मुनियांना रंग फासून ‘फॉरेन फिंच’ म्हणून विकले जाते, आणि अशा ठिकाणाहून गोल्डियनही घेऊ नये. 2018 च्या नियमांनुसार पाळीव प्राण्यांच्या दुकानाला राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते आणि खरेदी-विक्रीच्या नोंदी ठेवाव्या लागतात, तेव्हा पावती मागायला संकोच करण्याचे कारण नाही. जावा स्पॅरोसारखे काही परदेशी पक्षी आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या ‘साइटिस’ यादीत आहेत आणि त्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंद करावी लागते. शेजारच्या पिंजऱ्यातला पक्षी आवडला म्हणून तो उचलण्याआधी हे पाहून घ्यावे.

ऑक्टोबरच्या शेवटी, दिवाळीच्या तोंडावर, मादीची चोच काळसर पडू लागली आणि नर दिवसातून दहा वेळा तिच्यापुढे गळा फुगवून नाचू लागला. मादी विणीला आल्याची ही खूण. घरट्याची पेटी मी हातात घेतलीच होती, तरी आधी सरांना दूरध्वनी केला. त्यांनी रिंगेवरचा क्रमांक विचारला, वहीचे पान उलटल्याचा आवाज आला आणि ते म्हणाले, “वर्षाची झाली. वजन किती आहे?” वजन मी केले नव्हते. त्यांनी पेटी खाली ठेवायला सांगितली आणि आधी काटा आणायला लावला. दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात वापरायचा, ग्रॅमचा दशांश दाखवणारा काटा आणला, मादीला झाकणाच्या छोट्या डबीत ठेवून तोलले, डबीचे वजन वजा केले. सोळा पूर्णांक चार ग्रॅम. तो आकडा मी नव्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि त्या संध्याकाळी पेटी टांगली.